‘लाभार्थी मिळाले नाहीत’ हा शेरा कसा तयार होतो

प्रश्न असा आहे: ‘कोकणात भिकारी दिसत नाहीत, घरटी एक माणूस मुंबईला. मग रत्नागिरी, चिपळूण, मालवणसारख्या लहान शहरांत खरंच गरिबी आहे का? आणि सरकारने अशा शहरांना मदत करायची तर पैसा द्यावा की योजना आणावी?’

पैसा येतो आणि योजनाही येतात. कमी पडतो तो कागद शेवटच्या टेबलापर्यंत नेणारा माणूस. सरळ उत्तर एवढंच. पण ‘खरंच गरिबी आहे का’ हे वाक्य लहान नगरपरिषदांत दर मार्चला ऐकू येतं. दुर्बल घटकांच्या निधीचा विषय निघाला की कोणीतरी ‘लाभार्थीच मिळत नाहीत हो’ म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. हा शेरा कसा तयार होतो ते एकदा उकलून सांगतो. गरिबी कुठे लपते तेही त्यात येईल.

सिंधुदुर्गातल्या एका किनारी शहरात मासे विकणारी बाई घ्या. शहराचं नाव नको, कारण किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. ती राहते शेजारच्या ग्रामपंचायतीत. पहाटे बंदरावरच्या लिलावात बांगडे, पेडवे, जमलं तर चार सौंदाळे घेते, वर बर्फ टाकते आणि पहिल्या एसटीने शहरात येते. मंडईतले ओटे ज्यांचे आहेत त्यांचेच. ही बाहेर, गटाराच्या कडेला प्लास्टिक अंथरून बसते. बैठक फीचा ठेकेदार रोज पैसे घेतो, पावती फाडतो. अकरापर्यंत माल संपो वा न संपो, ऊन चढलं आणि बर्फ वितळला की उठावंच लागतं. भांडवल सावकाराचं. शेकडा पाच रुपये महिना हा दर तिला जड वाटत नाही, कारण त्याला कागद लागत नाही. 15,000 रुपयांवर महिन्याला 750, वर्षाला 9,000 जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे.

नेमकी हिच्यासाठीच, पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आहे. जून 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने तिची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली. आता पहिलं कर्ज 15,000, ते फेडलं की 25,000, मग 50,000. तारण नाही, जामीनदार नाही, वेळेवर फेडणाऱ्याला 7 टक्के व्याज खात्यात परत. बँकेचा दर 12 टक्के धरा. 15,000 चा बारा महिन्यांचा हप्ता साधारण 1,330 रुपये येतो, वर्षाचं व्याज हजाराच्या आत राहतं आणि सवलत वजा जाता पदरचं जातं ते चारसाडेचारशे. सावकाराचे 9,000 आणि हे चारसाडेचारशे! तरीही ती सावकाराकडेच जाते, आणि मग सभेत तिच्याविषयी ‘मिळत नाहीत’ असं म्हटलं जातं.

पहिली गाठ सर्वेक्षणाची. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. त्यात दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि त्यावरून विक्री प्रमाणपत्रं द्यायची असं लिहिलंय. सर्वेक्षणाची माणसं कार्यालय उघडल्यावर निघतात, चहा होतो, बाजारात पोचेपर्यंत दुपार. तेव्हा कपडेवाला, भाजीवाला, मोबाइल कव्हरवाला सापडतो, मासेवाली नाही. त्यातून सर्वेक्षण जून-जुलैत लागलं तर बोलायलाच नको, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद आणि जागाच रिकामी. यादीत नाव नाही म्हणजे ती विक्रेतीच नाही. मासळी बाजाराचं सर्वेक्षण सकाळी सात ते दहा या वेळात आणि ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच करायचं, एवढा एक आदेश काढायला मुख्याधिकाऱ्याला ना निधी लागतो ना मंजुरी.

यादीत नाव नसलं तरी वाट आहे. तिला शिफारसपत्र म्हणतात. नगरपरिषदेने विक्रेतीची खातरजमा करून ते द्यायचं, अर्ज आल्यापासून 15 दिवसांत. पुरावा म्हणून विक्रेत्यांच्या संघटनेचं सभासदत्व, धंद्यासाठी आधी घेतलेल्या कर्जाचा कागद, बचतगटामार्फत केलेली स्थानिक चौकशी, यातलं काहीही चालतं. बैठक फीच्या पावत्याही जोडाव्यात. पावतीवर बहुतेकदा फक्त तारीख आणि रक्कम असते, विकणारीचं नाव नसतं. म्हणून फी घेणाऱ्याकडूनच पावतीवर नाव लिहून घ्यायची सवय लावावी लागते. तो पहिल्यांदा कुरकुरतो, मग लिहितो. वेगवेगळ्या महिन्यांतल्या दहाबारा नावाच्या पावत्या असल्या की ‘ही इथे बसते कशावरून’ हा प्रश्नच राहत नाही.

दुसरी गाठ सगळ्यात चीड आणणारी. आधारवरचा पत्ता ग्रामपंचायतीचा दिसला की खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘तुमी आमच्या हद्दीत नाय, ग्रामपंचायतीत जावा.’ ग्रामपंचायत म्हणते, ही योजना शहराची. दोघंही चुकीचं सांगत नाहीत असं तिला वाटतं आणि ती परत फिरते. प्रत्यक्षात योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत चौथा गट याच लोकांचा आहे: आजूबाजूच्या ग्रामीण भागात राहणारे, पण शहराच्या हद्दीत येऊन विकणारे. राहतात कुठे ते बघायचंच नाही, विकतात कुठे ते बघायचं. अर्जावर वरच्या बाजूला ‘ग्रामीण भागातून येऊन नगरपरिषद हद्दीत विक्री, गट चार’ असं ठळक लिहा, आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घ्या. नाकारायचं असेल तर लेखी नाकारा म्हणावं. तोंडी नकार तारखेशिवाय असतो आणि तो पुढे कुठेच दाखवता येत नाही.

तिसरी गाठ आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरची, आणि ही खास कोकणी. नंबर मुंबईच्या मुलाचा असतो. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी जातो विरारच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या त्या मुलाकडे, तो उचलेपर्यंत वेळ संपते आणि सेवा केंद्रवाला पुढच्या माणसाला बोलावतो. त्यामुळे बँकेत जाण्याआधी नंबर बदला. आधार केंद्रात 75 रुपये लागतात, स्वतः जावं लागतं. पोस्टमनकडेही ही सोय असते, आधी विचारून घ्या. त्याच वेळी नावही तपासा. आधारवर सासरचं, बँकेत माहेरचं, रेशन कार्डावर नुसतं ‘बाय’ असं घरोघरी आहे, आणि यंत्राला तिन्ही वेगळ्या बायका वाटतात.

चौथी गाठ बँक. इथे तीन प्रकारे अडतं. शाखा म्हणते, तुमचं गाव आमच्या क्षेत्रात नाही. मग जिथे बचत खातं आहे तीच शाखा अर्जात निवडा, वाद तिथेच संपतो. दुसरं, शाखा जामीनदार किंवा ठेव मागते. योजनेत तारण नाही, सरकारची पतहमी आहे, हे शांतपणे सांगायचं आणि ‘मागणी लेखी द्या’ म्हणायचं. लेखी कोणी देत नाही. तिसरं मात्र खरं असतं: मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाचे थकलेले हप्ते. ते पतनोंदीत दिसतात, बँक नाही म्हणते आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. आधी ती थकबाकी मिटवून नाहरकत दाखला घ्यायचा, नोंद सुधारायला वेळ लागतो तो द्यायचा, मगच अर्ज. ‘सरकारी कर्ज आहे, देतीलच’ असं सांगणारा नगरसेवक इथे नुकसान करतो, कारण नाकारलेला अर्ज पुन्हा उभा करणं नव्या अर्जापेक्षा कटकटीचं.

कर्ज मिळालं तरी पाचवी गाठ उरते. हप्ता दर महिन्याला, धंदा मात्र दहा महिन्यांचा. जून-जुलैत सुकट, सोडे, सुके बांगडे विकून जे येतं त्यात घर चालतं, 1,330 चा हप्ता निघत नाही. खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला की दंड लागतो. खातं थकीत झालं की व्याजाची सवलत बंद, कारण ती सवलत तिमाहीला फक्त नियमित खात्यांनाच जमा होते. पुढचं 25,000 चं कर्जही गेलं. उपाय सोपा, पण सांगणारं कोणी नसतं: कर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नारळी पौर्णिमेनंतर घ्या. एप्रिल-मेमध्ये पर्यटकांमुळे दर चढे असतात, तेव्हा दोन महिन्यांचे हप्ते कर्जखात्यात आगाऊ भरा. मुदतीआधी फेडण्याला दंड नाही. भरताना ‘कर्जखात्यात जमा’ असं सांगा, नाहीतर पैसे बचत खात्यात पडतात आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीत संपतात.

आता मोजा. सर्वेक्षण, पत्ता, आधार, बँक, पावसाळा. पाचही गाठींत बाई गरीब नाही म्हणून अडलेली नाही. एका बाईचं वाक्य मला या सगळ्या मार्गदर्शक सूचनांपेक्षा मोठं वाटतं: ‘माजो फोटो चार येळा काडल्यानी, पैशे खंय?’

आणि टोपली उचलून नेण्याचं प्रकरण. अतिक्रमण पथक येतं, टोपली जीपमध्ये टाकतं, संध्याकाळी ‘उद्या या’. मासळीला उद्या नसतो. 2014 च्या कायद्याचं कलम 19 सांगतं की नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत द्यायचा आणि टिकणारा माल दोन कामाच्या दिवसांत. जप्ती करताना मालाची यादी देणंही बंधनकारक. हटवायचं असेल तर कलम 18 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस. आणि कलम 3 मध्ये तर सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणालाच उठवायचं नाही असं आहे. मागणीचा कागद त्याच दिवशी, वेळ घालून, शिक्का घेऊन द्या. एवढं केलं तरी जीपचा जोर कमी होतो.

स्वनिधीवर एवढं लिहिलं कारण गाठी तिथे स्पष्ट दिसतात. बाकीच्या योजनांत त्याच गाठी, फक्त खिडकी वेगळी. घरकुल घ्या. प्रधानमंत्री आवास शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला 2.5 लाख मिळतात, पण जागा स्वतःची हवी, आणि कोकणात सातबारावर चुलत-सावत्र धरून चौदा नावं, त्यातली निम्मी मुंबई-बडोद्यात. सगळ्यांची संमती आणायला जो खर्च येतो त्यात जोतं उभं राहील. पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकामाचा फोटो चढवला की मिळतात. मंजुरी मेमध्ये हातात आली तर चिरेखाणी बंद, वाळू बंद, पाया पाण्यात, आणि ऑक्टोबरपर्यंत फोटोच नाही. मग ‘लाभार्थ्याने काम सुरू केले नाही’ असा दुसरा शेरा. चिपळूणला तर 22 जुलै 2021 च्या पुरानंतर पूररेषेचा प्रश्न आणखी टोकदार झाला. घर जुनं, पडकं, पण रेषेच्या आत, त्यामुळे नव्या परवानगीला अडचण.

रेशनचं तर विचारूच नका. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत यायला महाराष्ट्रात शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 च्या आत हवं. महिन्याला 4,917 रुपये. चारपाच माणसांच्या घरात एकाने रोज 300 रुपयांनी वर्षात 200 दिवस काम केलं की 60,000 होतात आणि घर कागदावर गरिबीबाहेर पडतं. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढताना सगळेच खोटं लिहितात, आणि मग लोक खोटं बोलतात म्हणून योजनेला नावं ठेवली जातात. मर्यादा खोटी असली की दाखला खरा कसा येणार?

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे नगरपंचायत होणं. गेल्या दहाबारा वर्षांत तालुक्याच्या गावांना नगरपंचायतीचा दर्जा मिळाला. कुडाळ, देवगड-जामसंडे, मंडणगड ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी वाडी तीच, पाणंद तीच, मजूर तोच, पण केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीतलं त्याचं काम गेलं, कारण तो आता शहरी. केरळने 2010 मध्ये समाजसुधारक अय्यंकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी आणली, राजस्थानने 2022 मध्ये. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राच्या नगरपंचायतीत मात्र मे महिन्यात वहाळ, म्हणजे ओढा, उपसायचं काम यंत्राच्या ठेकेदाराला मिळतं. वहाळ उपसणं, दगडी गडगे बांधणं, विहिरींचा गाळ काढणं ही कामं पावसाआधीच्या दोन महिन्यांत हातांनी होतात, आणि आंबा-काजूचा हंगाम संपत आला की मजूर रिकामा होऊ लागतो.

पैशाविषयी. 74 व्या घटनादुरुस्तीने ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ हे काम शहरांच्या 18 विषयांत घातलं, पण त्यासाठी शहराच्या हातात कमाई दिली नाही. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, बदल्यात सहायक अनुदान आलं, त्यातला मोठा भाग पगारात जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ते योग्यच होतं. उरलं त्यातून सुशोभीकरण. किनाऱ्यावर गावाच्या नावाची रंगीत अक्षरं, कारंजं, बाक. त्याला एक निविदा, एक ठेकेदार आणि एक उद्घाटन लागतं. 300 बायकांची शिफारसपत्रं काढायला कोणीतरी 300 वेळा टेबलावर बसावं लागतं आणि त्याचं उद्घाटन होत नाही. म्हणून पैसा कारंज्याकडे वाहतो. यात भ्रष्टाचार असेलच असं नाही, सोय मात्र नक्की आहे.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान 2013 मध्ये आलं तेव्हा ते मुळात लाखावर वस्तीची शहरं आणि जिल्ह्यांची मुख्यालयं यांच्यासाठीच होतं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाखाचं एकही शहर नाही, रत्नागिरीच सुमारे 76 हजार. सगळी लहान शहरं त्यात आली ती 2016 मध्ये. त्या अभियानातली एकच गोष्ट मला पटली होती: साधारण 3,000 गरीब कुटुंबांमागे एक समुदाय संघटक. वस्तीत फिरणारी, बायकांची नावं माहीत असणारी. तीही कंत्राटी ठेवली. योजनेची मुदत संपली की ती घरी आणि तिच्या डोक्यातली यादीही घरी.

त्यामुळे माझं मत विचाराल तर सरकारने लहान शहराला नवी योजना देऊ नये. दोन कायम पदं द्यावीत, ज्यांचं काम फक्त अर्ज तडीला नेणं. 59,000 ची मर्यादा किमान वेतनाशी बांधावी. आणि नगरपंचायत जाहीर करताना रोजगार हमी तिथे पुढे किमान पाच वर्षं चालू ठेवावी. पर्यटन वाढलं की गरिबी आपोआप जाईल असं म्हणणाऱ्यांनी एकदा होम-स्टेच्या मागच्या अंगणात भांडी घासणारीला तिचा महिन्याचा पगार विचारावा.

हेही सांगायला हवं की 15,000 चं कर्ज म्हणजे गरिबी हटवणं नव्हे. घरात आजारपणाचं कर्ज असेल तर हे त्याच्यात बुडतं, अशा घरी ते घेऊच नये. जाणूनबुजून थकवणारेही आहेत आणि त्यांच्यामुळे पुढच्या बाईला बँक उंबऱ्यावरूनच परत पाठवते. खिडकीवरच्या कारकुनालाही सगळं माथी मारता येत नाही. जन्म-मृत्यू, घरपट्टी आणि स्वनिधी अशी तीन टेबलं एकटा सांभाळणारा माणूस पंधरा दिवसांत शिफारसपत्र देत नाही, यात नवल कसलं? डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत बऱ्याच नगरपरिषदांवर तीनचार वर्षं प्रशासक होते. त्या काळात जाब विचारायला नगरसेवकही नव्हता.

तुमच्या शहराचं खरं चित्र बघायचं असेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. नगरपरिषदेला दुर्बल घटकांसाठी 5 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 5 टक्के राखून ठेवावे लागतात. तीन वर्षांची लेखाशीर्षनिहाय, म्हणजे कोणत्या नावाखाली किती अशी, तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च मागा. सोबत स्वनिधीचे आलेले अर्ज, दिलेली शिफारसपत्रं, नाकारलेली आणि नाकारण्याची कारणं. ‘गरिबांसाठी काय केले’ असं मोघम विचारू नका, त्याला योजनांच्या नावांची यादी येते. 2014 च्या कायद्याने नेमायच्या पथविक्रेता समितीच्या बैठकींची इतिवृत्तं मागा. त्या समितीत 40 टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. बैठकच झाली नसेल तर तेही लेखी येऊ द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं, आणि त्याला अर्जाची शिक्का मारलेली प्रत लागते, ती सांभाळून ठेवा.